आधण्याची उचकी

शलाकाला पहिल्यांदा खटकलं ते अगदी बारीक होतं. सोमा गुरव चपला कुठे काढायच्या ते सांगत होते, आणि वाक्याच्या मधोमध त्यांनी खांद्यावरच्या पंच्याचं टोक तोंडात कोंबलं आणि गरम पाण्याच्या कुंडाकडे पाठ करून उभे राहिले.

त्याच क्षणी कुंडात आवाज झाला होता. मोठा नव्हता, भरल्या घशातून एखादी उचकी यावी तसा. शलाका दचकली. तिचं दचकणं सहलीला आलेल्या वर्गातल्या मुलींना नवीन नव्हतं, आणि त्या हसल्याही. पण तिला आवाजापेक्षा ती फिरवलेली पाठ खटकली. सत्तरीचा माणूस, कुंडाचा वंशपरंपरेचा गुरव, आणि पाण्यानं उचकी दिली तर पाठ करतो?

पायऱ्यांवर गावातल्या चार बायका बसल्या होत्या. परड्यातून कुणी हाक मारल्यावर घरातून देतात तशी त्यांनी एकसुरात ओ दिली, "ओऽऽ!" मग दोरीला बांधून पाण्यात सोडलेल्या तांदळाच्या पुरचुंड्या भराभर वर ओढल्या आणि म्हणाल्या, "चला गो पोरींनो, वर. बघत काय बसलाव?"

सगळ्या वर वडाखाली आल्या. आणि मग पाणी उठलं.

आधी ते मधोमध पुरीसारखं फुगलं. फुगा निळसर होता, काचेचा असावा तसा. तो फुटला आणि पांढरा खांब सरळ वर गेला, वाडीतल्या माडांच्या शेंड्यांपर्यंत. त्याचा आवाज कानांना कमी आणि छातीला जास्त ऐकू येत होता. गंधकाचा वास पसरला. चेहऱ्यांवर कोमट तुषार आले. ज्या मुली बसमध्ये दोन तास गाणी म्हणत आल्या होत्या त्यांनी नकळत एकमेकींचे हात धरले होते. मग खांब खचला, पाणी परत कुंडाच्या तळच्या भोकात शिरलं, आत लांब घोट घेतल्यासारखा आवाज आला आणि कुंड कोरडं पडलं. ओल्या दगडांवरून फक्त वाफ निघत राहिली.

भूगोलाच्या सरांनी बसमध्ये सांगितलं होतंच. खाली तापलेला खडक, वर पाण्यानं भरलेली अरुंद नळी. वरच्या पाण्याचं ओझं खालच्या पाण्याला उकळू देत नाही, ते उकळीच्या पलीकडे तापतं तरी दबून बसतं. मग वरचं थोडं पाणी सांडतं, ओझं हलकं होतं, आणि दबलेलं सगळं एकदम वाफ होऊन उसळतं. नळी पुन्हा भरायला जितका वेळ लागेल तितकी विश्रांती.

सोमा गुरवांनी पंचा खांद्यावर टाकला. "सरांचं बरोबर हाय," ते म्हणाले. "आमच्या बायका पण तेच सांगतात. खाली चूल, वर हंडा, हंड्याचं तोंड बारीक. पण त्या ओ का देतात, ते सरांच्या पुस्तकात नसंल."

"आणि तुम्ही का देत नाही, काका?" शलाकानं विचारलं. विचारल्यावर तिची तीच घाबरली.

गुरव वडाखाली टेकले. "बसा," ते म्हणाले. "आता पाऊण तास ती उठायची नाय."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

भाताला ठेवलेलं पाणी उकळायला लागलं की त्याला आधण म्हणतात. त्यावरूनच या गावाचं नाव आधणे. म्हणे, गाव वसायच्या आधीपासून हे पाणी असंच उठत आलं आहे, आणि नैवेद्याचा भात इथे कधी चुलीवर शिजला नाही. गुरवाच्या घरच्या बाईनं तांदळाची पुरचुंडी बांधायची, दोरीनं भोकात सोडायची, आणि शिजला की काढायची. त्या काळी गुरव होता राघो. त्याची बायको लवकर गेली. तेव्हा हे काम त्याच्या एकुलत्या मुलीकडे आलं. तिचं नाव भिवरा.

नाव नदीचं, पण गावानं त्याचा अर्थ वेगळाच लावला. कारण भिवरा भित्री होती. माडाची झाप पडली की दचके, सरडा सळसळला की ओरडे, स्वतःच्या सावलीला बाजूला सरून वाट देई. हाक मारी तीही इतक्या वेळा की कुणी मनावर घेत नसे. पाणवठ्यावर बायका विचारत, "काय गो भिवरे, आज काय? सरडा का सावली?" ती लाजून हसे आणि पुढच्या घटकेला पुन्हा दचके. एकच माणूस तिला हसत नसे. ती म्हणजे गावच्या खोतांची बायको. भिवरा तिला काकी म्हणे. आई गेल्यावर भिवराच्या केसांना तेल लावलं ते काकीनंच. ती म्हणे, "दचकते ती, कारण तिला आपल्याआधी ऐकू येतं."

या काकीच्या गुडघ्यांत वात होता. माघी पौर्णिमेला गाव कुंडात स्नान करी, पाण्यानं उचकी दिली की बाहेर येई. काकीला ते जमेना. एका वर्षी ती पायरीवरच राहिली आणि पोटऱ्या भाजल्या. तिचं कण्हणं ऐकून दादजी खोतांनी देवाला शब्द दिला, की पुढच्या माघीला माझी बायको या पाण्यात हवा तितका वेळ निवांत बसेल. माणूस वाईट नव्हता. बायकोवर माया करणारा होता. पण शब्द देवाला दिला आणि निस्तरायला गेला पाण्याशी.

त्यानं काळ्या दगडाची शिळा घडवून घेतली, जात्याच्या पाळूसारखी गोल, आणि आठ माणसं लावून ती भोकावर बसवली. कडा चुना-गुळानं लिंपल्या. भोवतीचं कुंड उंच बांधून घेतलं, पायऱ्या वाढवल्या. शिळेला एका बाजूला मनगट जाईल एवढं छिद्र ठेवलं, नैवेद्याच्या पुरचुंडीसाठी. पाणी उठायचं थांबलं. शिळेच्या फटींतून झिरपून कुंड कमरेएवढं भरलं, कोमट, संथ. गाव म्हणालं, खोतांनी उठतं पाणी निजवलं.

भिवरा तेवढी रोज शिळेला कान लावून बघे. सुरुवातीला आत खदखद ऐकू येई. ती बापाला म्हणाली, "बा, आई सांगायची, आधणावरचं झाकण वाजत राहू दे. झाकण थोडं कलतं ठेव. गच्च बसवू नकोस."

"आईनं हंड्याचं सांगितलं, गो बाय. हे देवाचं पाणी आहे," राघो म्हणाला.

महिने गेले. छिद्राच्या कडांना पांढरी पापुद्री धरू लागली, पाणी तापवायच्या तपेल्याला आतून धरते तशी. भिवरा ती नखानं खरवडे, दुसऱ्या दिवशी पुन्हा धरलेली असे. मनगट जाई तिथे दोन बोटं जाऊ लागली, पुरचुंडीही तेवढीच बारीक बांधावी लागे. सुपारीच्या बागेतल्या विहिरीचं पाणी पहाटेचं कोमट लागू लागलं. बायका म्हणाल्या, बरंच झालं, आंघोळीला तापवायला नको.

माघी पौर्णिमा उजाडली. सकाळी थंडी इतकी होती की कुंडावर वाफेचा ढग बसला होता आणि हाताच्या अंतरावरचं माणूस दिसत नव्हतं. ढोल-सनई वाजत होती. सारं गाव पाण्यात उतरलं, लेकरं, म्हातारी, माहेरवाशिणी. काकी खालच्या पायरीवर टेकून पाण्यात बसली होती, वर्षात पहिल्यांदा न कण्हता. राघो वरच्या पायरीवर पूजेचं ताट घेऊन उभा होता. भिवरा पाण्यातून चालत मधल्या शिळेवर गेली आणि पुरचुंडी वर ओढली.

भात कच्चा निघाला.

तिनं दाणा दाताखाली धरून पाहिला. तांदूळ जसा सोडला तसाच होता. ती दचकली नाही. म्हणे, जन्मात पहिल्यांदा तिला दचकायचं सुचलंच नाही. ती वाकली आणि शिळेला कान लावला. आत खदखद नव्हती. काहीच नव्हतं. श्वास धरून बसलेल्या माणसाजवळ असावी तशी शांतता होती.

ती उठली आणि पळायला एक पाऊल उचललं. तिच्या मागची शिळेची कड बोटभर वर आली आणि सुईसारखी वाफ तिच्या पोटरीला लागली. तिनं पाय परत ठेवला, कड खाली बसली. पुन्हा उचलला, पुन्हा वर आली. मुठीएवढी ती पोर, तिचं ओझं ते काय! पण झाकण तेवढ्याच ओझ्यावर थांबलं होतं. आता पळाली तर ती वाचेल कदाचित. पाण्यात बसलेलं गाव नाही.

भित्री भिवरा शिळेच्या मधोमध दोन्ही पाय रोवून उभी राहिली. आणि तिनं हाक मारली, "बा!"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे जुनी माणसं शिकवतात, पाण्याशी, रानात, न दिसणाऱ्या माणसानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये. दुसरीलाही देऊ नये. चकवा दोनदाच हाक मारतो, आणि ओळखीच्याच आवाजात मारतो. तिसरी हाक आली की समजावं, माणूस आहे. या गावानं तो दंडक कधी मोडला नव्हता.

राघोनं वाफेतून हाक ऐकली. आवाज पोरीचा वाटला. तो तिसरीची वाट बघत गप्प राहिला.

"खोतदादा!" तिनं हाक मारली. खोतांनीही ऐकलं. एकदाच. तेही गप्प राहिले.

"काकी!"

काकीनं मान वळवली. ओठ मिटलेलेच.

भीतीनं माणूस सापडेल त्याला हाका मारत सुटतो, तशी ती मारत होती, आणि ज्याच्या त्याच्या वाट्याला एकच हाक येत होती. तिच्या पायांखाली शिळा आता थरथरू लागली होती. तळवे भाजत होते. मग तिच्या ध्यानात आलं, आपण चुकतो आहोत. एकालाच हाक मारायला हवी. कुणाला? जिला उठायला सगळ्यांत जास्त वेळ लागेल तिला.

"काकी!" आणि मग सगळा जीव घशात आणून, "काऽकी!"

"ओ!" काकी म्हणाली. "आले गो, आले!"

ओ दिली की बसून राहायचं नसतं, उठायचं असतं. असं सांगतात की काकी उठली. कुणाचा हात न धरता, वर्षानुवर्षं न वळलेले ते गुडघे वळले, आणि ती हाकेच्या दिशेनं पाण्यात दोन पावलं गेली. वाफेतून आवाज आला, "इकडे नको, काकी! वर जा. सगळ्यांना घेऊन जा. झाकण उडतंय."

काकी वळली आणि पायऱ्या चढू लागली. तिला चढताना बघून गाव एवढं हादरलं की तिच्यामागे बाहेर आलं. पोरंबाळं काखेला मारली, ढोल पाण्यात तरंगत राहिले. शेवटचा माणूस वडाखाली पोचला तेव्हा वाफेतून पुन्हा हाक आली.

"बा!"

राघोसाठी ही दुसरी. काकीनं ओ दिली होती, आवाज पोरीचाच हे त्याला कळलं होतं. तरी जन्माची सवय. ओठ तिसऱ्या हाकेसाठी थांबले. एका श्वासापुरतेच थांबले असतील.

मग शिळा उडाली. सहा महिन्यांचं दबलेलं पाणी उठलं. म्हणे, त्या दिवशीचा खांब खाडीपलीकडच्या गावांतून दिसला आणि तिथल्या लोकांनी हात जोडले. दुपार कलली तेव्हा वाफ निवळली. शिळा नदीपलीकडच्या शेतात पालथी पडली होती. भिवरा कुठे नव्हती. ना चोळीचा तुकडा, ना काकणाची काच. कुंडाच्या काठावर तेवढी पुरचुंडी होती, गाठ तशीच बांधलेली. राघोनं ती सोडली. आत भात होता. मोकळा, फुललेला, दाणा दाणा शिजलेला.

त्यानं तो भात पंच्यात घेतला आणि सगळ्यांपुढे शपथ घातली. माझ्या लेकीनं मला दोनदा हाक मारली, मी ओ दिली नाही. आता तिसरी आली तरच माझ्या घराण्यानं ओ द्यायची. तोवर गुरवाच्या तोंडात पंचा.

सोमा गुरव इथे थांबले. कुंड पुन्हा भरत आलं होतं. कडेच्या दगडांवर पाणी चढताना बारीक चुळचुळ ऐकू येत होती. गावातल्या बायका केव्हाच भात घेऊन घरी गेल्या होत्या.

"आजही," ते सावकाश म्हणाले, "आधण्यात भाताच्या हंड्यावर झाकण कलतंच ठेवतात. सगळीकडे तीन हाकांची रीत हाय, आमच्या गावात नाय. आमच्यात पहिल्या हाकेला ओ देतात, मग ती कुणाचीही असो, पोरीबाळीची, भित्र्याची, चकव्याची. आणि पाणी उठण्याआधी उचकी देतं, वर चढायला वेळ देतं. पाण्याखाली जाऊन पण तिनं हाक मारायची सोडली नाय. म्हणून पहिल्या उचकीलाच सगळे ओरडतात, ओ! तिला कळावं, की ऐकलं."

"आणि इथं कुणी नसलंच तर?" सरांनी विचारलं.

"कुणी एकट्यानं थांबायचं नाय. मी पण नाय थांबत. वर जातो." ते उठले. "आता वेळ झाली. चला, वडाखाली. मी पंचा तोंडात धरला की तुम्ही ओ द्यायची, विसरू नका. आज तुमच्याशिवाय कोण नाय."

सगळ्या वडाखाली उभ्या राहिल्या. गुरवांनी पंच्याचं टोक तोंडात घेतलं आणि पाठ केली.

कुंडात उचकी आली.

ओ द्यायची होती. सगळ्यांना माहीत होतं. पण पंचवीस मुली पाण्याकडे नुसत्या बघत राहिल्या. कुणी आधी द्यायची म्हणून थांबलं असेल, कुणाचा आवाजच फुटला नाही. शलाका तर दचकून वडाच्या पारंबीला धरून उभी होती. त्या शांततेत आवाज विरेपर्यंत स्पष्ट ऐकू आला, आणि तिला दुसऱ्यांदा काहीतरी खटकलं. उचकी अशी नसते. उचकी तुटते. हा आवाज ओठ मिटून सुरू झाला होता आणि उघडाच राहिला होता.

कुंडात दुसरी उचकी आली. ओठ मिटून, मग उघडून, लांब.

आपण वेड्यासारखं काहीतरी बोलणार, सगळ्या हसणार, हे तिला दिसत होतं. तरी ती बोलली.

"काका," ती म्हणाली, "ती 'बा' म्हणते आहे."

कुणी हसलं नाही.

गुरवांची पाठ हलली नाही. मग अगदी हळू, मान वळली. इतक्या पिढ्या पहिल्या उचकीलाच गाव ओरडत आलं होतं. प्रेमानंच ओरडत होतं, आणि त्या ओरड्याखाली पुढची हाक कधी कुणाला ऐकूच आली नव्हती. ते कुंडाकडे तोंड करून उभे राहिले. म्हाताऱ्या डोळ्यांत फक्त ऐकणं होतं. पाणी मधोमध हलकं फुगू लागलं होतं, निळसर, काचेसारखं, आणि तसंच थांबून होतं.

"बाऽऽ," पाणी म्हणालं.

पंच्याचं टोक तोंडातून गळून पडलं.

"ओ," सोमा गुरव म्हणाले. "ओ गो, बाय."